बोल्ट वजनावर आवळायचा असतो

गॅरेजात त्याला सगळे वैद्य म्हणायचे. औषधांशी त्याचा संबंध गुडघ्याला चोळायच्या तेलापुरता. पण एखादी गाडी पुढून आवाज करायला लागली की तो चाकाच्या वर हात घालून स्प्रिंगवर दोन बोटं टेकवायचा, डोळे मिटायचा आणि जो कोणी जवळ असेल त्याला म्हणायचा, "दाब." तो माणूस बॉनेटवर अंगाचा भार टाकून गाडी खाली-वर हलवायचा. वैद्याची मान एका खांद्याकडे कललेली, ओठ घट्ट. दहा-पंधरा वेळा झालं की तो हात बाहेर काढायचा, बोटं फडक्याला पुसायचा आणि रोगाचं नाव सांगायचा. गाडीचा मालक समोर असला तर नाव सांगण्याआधी जरा थांबायचाही.

पस्तीस वर्षांत आपली बोटं एकदाही खोटं बोलली नाहीत असं तो म्हणायचा. यातली थोडीशीच बढाई होती. या गॅरेजात तो तेविसाव्या वर्षी आला, आताच्या मालकाच्या वडिलांच्या वेळी. तेव्हा जमिनीत एक लांब खड्डा होता. गाडी खड्ड्यावर उभी करायची आणि आपण खाली उतरून डोक्यावर काम करायचं. त्या खड्ड्यात त्यानं तारुण्य घालवलं असं म्हटलं तर खोटं होणार नाही. लग्न ठरल्याची बातमीसुद्धा त्याला खड्ड्यातच कुणीतरी वाकून सांगितली होती. आवाज ओळखणं हा त्याचा एकच खरा आनंद. घरात तो फारसा बोलत नसे, सणसमारंभाला जात नसे, मित्र म्हणावा असा कुणी नव्हता. बायको म्हणायची, "अहो, माणसाचा आवाज आला की तुम्हाला ऐकू येत नाही का?"

बायकोला एक धाकटा भाऊ होता. त्यानं आधी कापडाच्या दुकानात नोकरी केली, ती गेली. मग छापखान्यात गेला, तो छापखानाच बंद पडला. मग एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवली. तिथं तो रिकाम्या वेळी लिफ्टचं दार उघडून आतली तारा-चाकं बघत बसायचा म्हणून काढला. शेवटी बायकोनं वैद्याजवळ शब्द टाकला. आयुष्यात तिनं मागितलेल्या दोन-तीन गोष्टींतली ती एक. वैद्यानं मेव्हण्याला गॅरेजात आणला आणि त्या दिवसापासून बारा वर्षं त्याला त्याची किंमत ऐकवली.

"लिफ्ट खाली-वर करत होतास, आता गाडी खाली-वर कर. बढतीच आहे ही."

मेव्हणा हसायचा. त्याला हसता यायचं, हे वैद्याला सगळ्यात जास्त खुपायचं.

शिकवलं मात्र त्यानं सगळं. आणि सगळ्यात आधी जे शिकवलं ते हे, की बोल्ट वजनावर आवळायचा असतो. गाडीच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, लोअर आर्म, त्याच्या बुडाशी पुढे आणि मागे रबराचा एकेक बुश असतो आणि बुशमधून बोल्ट जातो. गाडी लिफ्टवर चढवली की चाकं खाली लोंबतात आणि तो हातही खाली लोंबतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर रबराला वाटतं, हीच आपली जागा. मग गाडी जमिनीवर उतरते, हात वर उचलला जातो, आणि रबर तिथल्या तिथं पिळलं जातं. तसंच पिळलेलं राहतं. काही आठवडे गप्प बसतं आणि मग रडायला लागतं. म्हणून गाडी आधी चाकांवर उभी करायची, तिचं वजन तिच्या पायांवर येऊ द्यायचं आणि मग खाली शिरून शेवटचा पाना मारायचा.

"पिळलेलं रबर आणि पिळलेला माणूस," वैद्य म्हणायचा, "दोघंही करकरतात. माणसाला निदान हाकलता येतं."

खड्डा होता तोवर हे सोपं होतं. तीन वर्षांपूर्वी जुना मालक गेला, मुलानं खड्डा काँक्रीटनं बुजवला आणि त्यावर दोन खांबांची नवी लिफ्ट उभी केली. गॅरेज एकदम दवाखान्यासारखं झालं. आता वजनावर आवळायचं तर गाडी लिफ्टवरून उतरवून चार लाकडी ठोकळ्यांवर उभी करायची, चाकांच्या फळीवर उताणं झोपायचं आणि गाडीखाली सरकायचं. मेव्हणा मासोळीसारखा सरकायचा. तिसरा मेकॅनिक, ज्याचं तोंड दिवसभर चालू असायचं म्हणून त्याला रेडिओ म्हणत, तो शिव्या देत सरकायचा. वैद्याचे गुडघे मात्र आता वाकत नव्हते. एकदा सरकला तेव्हा त्याला उठायला इतका वेळ लागला की खाली काहीतरी शोधतोय असं त्याला सोंग करावं लागलं.

नव्या मालकानं त्याच सुमारास म्हाताऱ्या वेल्डरला काढलं होतं. काढताना तो चारचौघांत म्हणाला, "काका, ज्याला वाकता येत नाही तो कारागीर नाही, पाहुणा. पाहुण्याला मी चहा देईन, काम नाही." सगळे हसले होते. वैद्यही हसला होता.

त्यानंतर वैद्य बोल्ट हवेतच आवळायला लागला. आधी चोरून, मग उघड. पहिल्या गाडीला त्याला झोप लागली नाही. ती गाडी परत आली नाही. दुसरी आली नाही, दहावी आली नाही. वर्षभर त्याची एकही गाडी परत आली नाही तेव्हा त्याची खात्री पटली की नियम शिकाऊ लोकांसाठी असतो. त्याच्या हाताला मापच असं होतं की लोंबतं रबरसुद्धा तो त्याच्या जागी बसवत होता. हे तो कुणाला बोलला नाही, पण मनात त्याचा फार आधार वाटायचा. शरीर एकेक खोली रिकामी करत चाललं होतं, आणि हात मात्र अजून घरमालक होते.

एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा त्याच तक्रारीनं आल्या.

"आवाज आहे," किल्ली टेबलावर आपटत त्या म्हणाल्या. "तोच. पुढून, डावीकडून. दिवसभर मी लोकांचे दात कोरते. घरी जाताना तरी कान मोकळे राहावेत, तर गतिरोधक आला की गाडीच किंचाळते. जणू मी तिचीच दाढ उपटतेय."

"भूल देऊन बघा ना, बाई," रेडिओ म्हणाला.

"ये तू दवाखान्यात. तुला बिनभुलीची काढते."

मालक काचेच्या केबिनमधून बाहेर आला. बाईंच्या दवाखान्याच्या आणखी चार गाड्या याच गॅरेजात यायच्या. तो गोड बोलला, संध्याकाळी सहापर्यंतचा शब्द दिला, बाईंना फाटकापर्यंत पोचवून आला. मग वैद्याला केबिनमध्ये बोलावलं.

"मला आज दोन गोष्टी पाहिजेत," तो म्हणाला. "आवाज कुठून येतो, आणि कुणामुळे येतो. ज्याच्यामुळे येतो तो उद्यापासून इथं नको. एक लिफ्ट, तीन माणसं. एक माणूस तसाही जास्तच आहे."

"बघतो."

"कार्ड कुणाच्या नावावर आहे?"

दहा महिन्यांपूर्वी दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बदलले होते. जॉब कार्ड मेव्हण्याच्या नावावर होतं. दुसऱ्या खेपेला मेव्हणा रजेवर होता, तेव्हा वैद्यानंच दहा मिनिटांत रबरावर स्प्रे मारून गाडी परत पाठवली होती.

"माझ्या मेव्हण्याच्या," तो म्हणाला.

"घरचा माणूस म्हणून झाकू नका हं."

"मी कधी झाकलंय?"

हे खरंच होतं. झाकायचं सोडाच, मेव्हण्याच्या अंगावर होतं त्याहून जास्तच त्यानं नेहमी उघडं करून दाखवलं होतं.

गाडी आत घेतली तेव्हा मेव्हणा हात पुसत जवळ आला. गाडी बघून त्याचा चेहरा जरा बदलला.

"भाऊजी, ही मी बघतो," तो म्हणाला. "तुम्ही बसा. मागचा बुशच असणार. बदलतो आणि वजनावर आवळून देतो. तासाभराचं काम."

"बघितलंस की नाही अजून, आणि निदानही झालं? वा! मला उगाच वैद्य म्हणतात."

"तसं नाही, पण—"

"दाब तू."

मेव्हणा बॉनेटवर दोन्ही हात टेकून भार द्यायला लागला. गाडी खाली गेली की आवाज यायचा: बारीक, ओला, गळा आवळलेल्या पिल्लासारखा. वैद्यानं स्प्रिंगवर बोटं ठेवली. स्प्रिंग निरोगी होती. मग मेव्हण्याला आत बसवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि शॉकअपच्या वरच्या टोपीवर तळहात ठेवला. टोपी निमूटपणे फिरली. बॉल जॉइंटला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून दांडी कानाला धरली. आत मऊ, तेलकट शांतता. लिंक रॉड दोन्ही बाजूंनी सोडवून बाजूला लोंबत ठेवले, आवाज तसाच.

"भाऊजी, मागच्या बुशवर आधी पाणी टाकून बघितलं असतं तर—"

"तर मला घरी जाऊन झोपता आलं असतं, हो ना?"

रेडिओ पलीकडच्या गाडीखालून ओरडला, "वैद्यबुवा, नाडी मिळत नसेल तर नातेवाइकांना बोलवू का?"

"तुझ्या तोंडात बुश कोंबतो आधी."

पण मनातल्या मनात त्याला कळलं होतं. मेव्हणा पुन्हा पुन्हा बुशकडे का वळतोय? 'वजनावर आवळून देतो' असं आपण होऊन का म्हणाला? चोराच्या मनात चांदणं. दहा महिन्यांपूर्वी यानं हवेत आवळलं असणार आणि आता गुपचूप निस्तरायचं असणार. हे लक्षात आल्यावर वैद्याला एक जुना, ओळखीचा, कडू आनंद झाला. त्यानं मुद्दामच बाकीचं सगळं एकेक करून तपासलं. मासा गळाला लागलाय हे कळल्यावर दोर ओढायची घाई कशाला?

शेवटी तो बुटक्या स्टुलावर बसला, चाक पूर्ण वळवून घेतलं आणि लांब नळीच्या बाटलीनं पाणी सोडलं. आधी पुढच्या बुशवर. आवाज होताच. मग मागच्या बुशवर. मेव्हण्यानं बॉनेट दाबलं आणि गाडी गप्प झाली. पुन्हा दाबलं. गप्प. चार-पाच दाबांनंतर पाणी ओघळून गेलं आणि पिल्लू पुन्हा रडायला लागलं.

"सापडलं," वैद्य म्हणाला. "जा, कोपऱ्यावरून बुश घेऊन ये. आणि सावकाश ये. तुला आज घाई नाही."

मेव्हण्यानं एकदा गाडीकडे बघितलं. काहीतरी बोलणार होता. मग गेला.

वैद्यानं गाडी लिफ्टवर चढवली आणि दिवा घेऊन खाली उभा राहिला. उभं राहून काम, त्याच्या आवडीचं. मागचा बुश अगदी पुस्तकात दाखवावा तसा होता: रबर एका दिशेनं पिळलेलं, कडा ओरबाडल्यासारख्या फाटलेल्या. हवेत आवळल्याचा याहून स्वच्छ पुरावा कुणी मागितला नसता. आता उरली होती ती खूण.

गॅरेजात शेवटचा पाना मारला की प्रत्येकानं बोल्टच्या डोक्यावर आपल्या रंगाची रेघ ओढायची, असा जुन्या मालकाचा नियम होता. वैद्याची पांढरी, मेव्हण्याची पिवळी, रेडिओची निळी. रेघ जुळलेली असली की बोल्ट हललेला नाही आणि कुणी आवळला तेही कळतं. वैद्यानं फडक्यानं चिखल पुसला.

रेघ पांढरी होती.

त्यानं दिवा जवळ नेला. मग दूर नेला. रंग बदलला नाही. आणि मग ती दुपार त्याच्यासमोर अशी उभी राहिली की जणू ती गेलीच नव्हती. बाई पर्स काखेत मारून इथंच उभ्या होत्या, दवाखान्यात कुणीतरी तोंड उघडून बसलंय म्हणत होत्या. मेव्हण्यानं आर्म बसवला होता आणि गाडी ठोकळ्यांवर उतरवायच्या बेतात होता. वैद्यानं त्याच्या हातातून पाना घेतला. "हो बाजूला. तुझं होईपर्यंत बाईंना नातवंडं होतील." मेव्हणा म्हणाला होता, "भाऊजी, वजनावर—" आणि वैद्य म्हणाला होता, "मला शिकवतोस?" दोन झटके, एक रेघ. बाई बारा वाजताच गाडी घेऊन गेल्या होत्या.

तो बराच वेळ हात वर करून तसाच उभा राहिला. खांदा दुखायला लागला तेव्हा त्यानं हात खाली घेतला. मालकाचं वाक्य त्याच्या कानात होतं, काल म्हटल्यासारखं ताजं. पाहुण्याला चहा. अठ्ठावन्नाव्या वर्षी, न वाकणारे गुडघे घेऊन, कुठल्या दारात जाऊन उभं राहायचं? आणि एक चूक. पस्तीस वर्षांत एक. मेव्हण्याचं आयुष्यच चुकांनी शिवलेलं होतं. त्यात एक टाका इकडे-तिकडे झाला तर कुणाला दिसणार होतं? तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे. त्याला नोकऱ्या सुटायची सवय आहे.

माणूस स्वतःशी वाद घालायला लागला की समोरचा पक्ष कधी जिंकत नाही. वैद्यानं फडक्यावर रंग उतरवायचं थिनर ओतलं आणि बोल्टचं डोकं पुसलं. दोनदा पुसलं.

मालक खाली येऊन उभा राहिला तेव्हा थिनरचा वास अजून हवेत होता.

"काय निघालं?"

"बुश. हवेत आवळलाय."

"तुम्हीच शिकवता ना रोज, वजनावर आवळायचा म्हणून?"

"शिकवतो."

"खूण कुणाची आहे?"

"खूण राहिली नाही." एवढं खरं होतं. "कार्ड आहे."

"वाचा."

वैद्यानं खिशातून चष्मा काढला, सावकाश लावला आणि कार्डावरचं नाव वाचून दाखवलं. नुसतं नाव. त्यापुढे तो एक शब्दही बोलला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला या गोष्टीचा आधार घ्यायचा होता.

मेव्हणा कागदी पिशवीत बुश घेऊन आला तो थेट या तिघांच्या मधोमध: मालक, वैद्य आणि डोक्यावर लटकलेली गाडी. मालकानं विचारलं. मेव्हण्यानं आधी वर बोल्टकडे बघितलं. बोल्टचं डोकं नव्या नाण्यासारखं चकचकत होतं, आजूबाजूला दहा महिन्यांचा चिखल. त्यानं नाक जरा वर केलं, वास घेतला. मग वैद्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर वैद्यानं ती झेलली असती, त्याला ती सवय होती.

"असेल," मेव्हणा म्हणाला. "माझ्याच हातनं झालं असेल."

"असेल म्हणजे? झालं की नाही?"

"झालं."

रेडिओ पहिल्यांदाच बंद पडला होता.

मालकानं आवाज चढवला नाही. हिशोब उद्या घेऊन जा, हत्यारं आत्ता जमा कर, एवढंच म्हणाला आणि केबिनमध्ये गेला. मेव्हण्यानं आपली पत्र्याची पेटी कपाटाखालून ओढली, उकिडवा बसला (किती सहज बसला!) आणि गॅरेजची हत्यारं एका फडक्यावर, आपली दुसऱ्या फडक्यावर मांडायला लागला. वैद्याला तिथून निघून जायचं होतं, पण जुना बुश आर्ममधून काढायचा प्रेस तिथंच होता. त्यानं आर्म उतरवून प्रेसला लावला आणि दांडा ओढत राहिला. जुनं रबर सुटलं आणि पायाशी पडलं.

"ताईला मी सांगेन," मेव्हणा खाली बघत म्हणाला. "तुम्ही काही बोलू नका. मीच सोडली म्हणतो."

"बोलायचंय काय त्यात."

"तेच म्हणतोय."

पेटी उलटी करून त्यानं झटकली. दोन नटं, एक तुटकं करवतीचं पातं आणि रंगाची दोन पेनं खाली पडली. एक पिवळं. दुसरं घरंगळत वैद्याच्या बुटाला येऊन थांबलं.

पांढरं.

वैद्यानं ते उचललं नाही. "हे तुझ्याकडे कशाला?"

मेव्हणा आपली हत्यारं पेटीत भरायला लागला. वैद्यानं पुन्हा विचारलं, आणि या खेपेला त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, कारण उत्तर त्याला अर्धं कळलं होतं आणि उरलेलं अर्धं कळू नये असं वाटत होतं.

"तुम्ही सहाला निघता," मेव्हणा अखेर म्हणाला. "शटर मीच लावतो ना. तुम्ही हवेत आवळलेली गाडी असली की ठोकळ्यांवर घ्यायची, सैल करायची, वजनावर पुन्हा आवळायची. पाऊण तास. रेघ तुटते मग. ती परत पांढरीच ओढायला लागते, नाहीतर सकाळी मालकाला कळलं असतं."

"सगळ्या?"

"बाईंची राहिली. ती दुपारीच गेली ना. परत आली तेव्हा मी रजेवर होतो." त्यानं पिवळं पेन पेटीत टाकलं. "मी आज सकाळी म्हणालो होतो, मी बघतो म्हणून."

वैद्याच्या हातात प्रेसचा दांडा होता. परत न आलेल्या सगळ्या गाड्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या, एकामागून एक, शांत, वंगण घातल्यासारख्या. आणि त्यांतली एकही त्याची नव्हती. हाताला माप होतं म्हणे.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खाली शिरला असता. आणि तुम्हाला उठता येत नाही." मेव्हण्यानं पेटीची कडी लावली. "मला कुठंही मिळेल, भाऊजी. मला वाकता येतं."

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणून ते जास्त खोल गेलं. बारा वर्षं टोमणे मारून वैद्याला जे साधलं नव्हतं ते या माणसानं एका साध्या वाक्यात साधलं. तो पेटी उचलून फाटकातून बाहेर पडला. जाताना रेडिओच्या पाठीवर थाप मारून काहीतरी विनोदही केला, कारण रेडिओ ओशाळं हसला.

वैद्य केबिनपर्यंत गेला. खरंच गेला. दारावर बोट वाजवलं, दार ढकललं. मालक फोनवर होता. त्यानं तळहात दाखवून थांबवलं. वैद्य थांबला. भिंतीवर जुन्या मालकाचा फोटो होता, त्याच्याकडे बघत राहिला. मनात वाक्य तयार होतं, चारच शब्दांचं. फोन लांबला. फोन जितका लांबला तितके त्या वाक्यातले शब्द एकेक करून उठून गेले, कंटाळलेल्या गिऱ्हाइकासारखे.

"हं, बोला," मालक म्हणाला.

"सहापर्यंत होईल गाडी."

"आणि या खेपेला वजनावर आवळा. तुम्ही स्वतः."

"स्वतःच आवळतो."

आर्म परत बसवून झाल्यावर त्यानं गाडी लिफ्टवरून उतरवली, ठोकळ्यांवर घेतली. रेडिओला हाक मारता आली असती, पण रेडिओ त्याच्याकडे पाठ करून काम करत होता आणि ती पाठ नेहमीची नव्हती. वैद्य फळीवर बसला, मग एका कुशीवर झाला, मग उताणा. गुडघ्यांतून कळ डोक्यापर्यंत गेली. तो गाडीखाली सरकला. तिचं सगळं वजन आता तिच्या पायांवर आणि त्याच्या तोंडावर होतं. त्यानं पाना लावला आणि आवळला, जितका आवळायचा तितकाच. खिशात त्याचं पांढरं पेन होतं. ते काढायला हात गेला आणि तसाच परत आला. बोल्ट बिनखुणेचा राहिला.

उठायला त्याला खूप वेळ लागला. या खेपेला त्यानं काही शोधत असल्याचं सोंग केलं नाही. बघणारं कुणी नव्हतं.

सहाला बाई आल्या. "मी स्वतः चालवून बघणार, आणि तुम्ही शेजारी बसायचं," त्या वैद्याला म्हणाल्या. "आवाज आला तर निदान ओरडायला समोर कुणीतरी हवं."

गाडी रस्त्याला लागली. शाळेच्या भिंतीलगतच्या गतिरोधकावरून त्यांनी ती मुद्दाम जोरात घेतली. काही नाही. पुढच्या वळणावरच्या दोन जोडगतिरोधकांवरून घेतली. काही नाही. बाईंनी खिडकीची काच खाली केली, डोकं कलतं करून ऐकलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसल्या.

"वा. तुमच्या मालकांनी फोनवर सांगितलं मला सगळं. ज्यानं बिघडवलं होतं त्याला काढलं म्हणे."

वैद्यानं मान हलवली.

"आणि तो तुमचाच सख्खा मेव्हणा होता म्हणे?"

"हो."

"तरी तुम्ही त्याला झाकलं नाहीत." बाईंनी त्याच्याकडे वळून नीट बघितलं, दवाखान्यात बघत असतील तसं. "खरं सांगते, अशी माणसं आता राहिली नाहीत. आमच्याकडे तर कंपाउंडरची चूक नर्स झाकते आणि नर्सची कंपाउंडर. घरी अवघड जाणार ना आज? बायको काय म्हणेल?"

समोर आणखी एक गतिरोधक येत होता. वैद्यानं दाराच्या वरची कडी धरली. त्याला वाटलं, आता तरी आवाज येईल. बुश नाहीतर स्प्रिंग, नाहीतर काहीही, एकदा करकरेल, बाई पुन्हा चिडतील, परत वळतील, मालकाला बोलतील, आणि सगळं पहिल्यापासून विचारलं जाईल. तो जीव कानात आणून बसला. चाकं वर चढली, खाली उतरली.

"काहीच म्हणणार नाही," तो म्हणाला. "तिला तिचा भाऊ सांगणार आहे."

"समजूतदार दिसतोय," बाई म्हणाल्या आणि गाडी गॅरेजकडे वळवली.